उष्ट्याचा ताप

मंडळी, या शनिवारचा विषय जरा आजारी आहे. पण इतिहास म्हणजे काय फक्त तलवारी, तह आणि सनावळ्या? तापालाही इतिहास असतो, आणि तो कधीकधी लढायांपेक्षा रंगतदार निघतो. आज ज्या तापाबद्दल लिहितोय त्याचं पूर्ण नाव इन्फेक्शिअस मोनोन्यूक्लिओसिस. नाव टाइप करतानाच दम लागतो, म्हणून जगभर त्याला नुसतं 'मोनो' म्हणतात. इंग्लंडात त्याला गाठींचा ताप म्हणतात. अमेरिकन मालिका बघणाऱ्यांना 'किसिंग डिसीज' हे त्याचं तिसरं, जरा चावट नाव माहीत असेल.

मराठीत त्याला रूढ नाव नाही. मी आपला मनातल्या मनात त्याला 'उष्ट्याचा ताप' म्हणतो. हा आजार लाळेतून पसरतो, आणि लाळ लागलेल्या अन्नासाठी आपल्याकडे अख्खा एक शब्द आहे, त्या शब्दाभोवती अख्खं एक शास्त्र आहे. त्या शास्त्राकडे पुढे येतोच.

तीन वर्षांपूर्वी हा ताप मला स्वतःला झाला. पुण्यात सुरू झाला आणि रत्नागिरीत संपला. त्या सक्तीच्या सुट्टीत वाचायला भरपूर वेळ मिळाला, आणि वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. या आजाराबद्दल लोकांनी निवाडे आधी दिले आणि पुरावे फार उशिरा आले. 'चुंबनाचा आजार' हा एक निवाडा. 'काही झालेलं नाही, आळस आहे' हा दुसरा. हे दोन्ही कसे आले आणि कसे कोसळले, तीच आजची गोष्ट.

आधी गाठी, मग नाव

गोष्ट सुरू होते १८८५ मध्ये. तिकडे ब्रह्मदेशात इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि पुढच्याच वर्षी थिबा राजाला आपल्या रत्नागिरीत आणून ठेवलं, तोच हा काळ. मॉस्कोतले बालरोगतज्ज्ञ निल फिलातोव्ह यांनी १८८५ साली मुलांमधल्या एका तापाचं वर्णन केलं, ज्यात मानेतल्या गाठी सुजतात. १८८९ मध्ये जर्मनीत एमिल फायफर यांनीही असाच आजार नोंदवला आणि त्याला 'गाठींचा ताप' हे नाव दिलं. ताप, सुजलेल्या गाठी, सुजलेलं यकृत, सुजलेली पाणथरी. (पाणथरी म्हणजे प्लीहा. डाव्या बाजूच्या बरगड्यांखाली असते. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.)

पण गाठी काय, शंभर आजारांत सुजतात. त्यामुळे पुढची तीसेक वर्षं 'हा खरंच वेगळा आजार आहे का?' यावर डॉक्टरांचं एकमत होईना. १९२० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले थॉमस स्प्रंट आणि फ्रँक इव्हान्स यांनी सहा तरुण रुग्णांची हकिगत छापली. या सहाही जणांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली भयंकर दिसत होतं. मोठमोठ्या, वेड्यावाकड्या पांढऱ्या पेशी. त्या काळच्या कुठल्याही डॉक्टरच्या मनात पहिला शब्द आला असता रक्ताचा कर्करोग. आणि तेव्हा त्यावर इलाज नव्हता. पण हे सहाही जण बरे झाले! 'इन्फेक्शिअस मोनोन्यूक्लिओसिस' हे लांबलचक नाव या जोडगोळीनं दिलं. १९२३ मध्ये डाउनी आणि मॅकिन्ले यांनी त्या वेड्यावाकड्या पेशींची नीट वर्गवारी केली. आज पॅथॉलॉजी लॅबच्या कागदावर 'अ‍ॅटिपिकल लिम्फोसाइट्स' असं छापून येतं ना, त्याच त्या.

मग १९३२ साली जॉन पॉल आणि वॉल्स बनेल यांना एक विचित्र गोष्ट सापडली. मोनो झालेल्या माणसाचं रक्तद्रव मेंढीच्या तांबड्या पेशींत मिसळलं की त्या पेशींच्या गुठळ्या होतात. माणसाच्या तापाचा मेंढीशी काय संबंध? थेट संबंध काहीच नाही. शरीर त्या गडबडीत नाना तऱ्हेची प्रतिपिंडं बनवतं, त्यातली काही मेंढीच्या पेशींना चिकटतात, एवढंच. आमच्या भाषेत सांगायचं तर बग कुठे आहे ते माहीत नाही, पण लॉगमध्ये दर वेळी एक ठरावीक वॉर्निंग येते, आणि तेवढ्यावर निदान पक्कं होतं. चाचणी मिळाली. कारण मात्र अजून तीस-पस्तीस वर्षं मिळणार नव्हतं.

चुंबनाचा निवाडा

पुराव्याची जागा रिकामी असली की तिथे निवाडा येऊन बसतो. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत रॉबर्ट होगलंड नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या लक्षात आलं की कॅडेट्स सुट्टीवरून परत आले की चार-सहा आठवड्यांनी मोनोचे रुग्ण वाढतात. त्यांनी पोरांना खोदून खोदून विचारलं, सुट्टीत काय केलंत? बहुतेकांनी चुंबनाची कबुली दिली. १९५५ साली होगलंडनी निष्कर्ष मांडला, की हा आजार जवळिकीच्या चुंबनातून पसरतो.

निरीक्षण म्हणून ते उत्तमच होतं. लाळेतून प्रसार होतो हे बरोबर आणि चार-सहा आठवड्यांचा काळही बरोबर. पण लोकांनी त्यातून उचललं काय? मोनो झाला म्हणजे काहीतरी 'केलं' असणार. आजाराचं चारित्र्याचं सर्टिफिकेट झालं.

मला हा निवाडा दोन भाषांत ऐकायला मिळाला. पुण्यात आधी घसा धरला. दोन दिवसांत थुंकी गिळता येईना. ज्या डॉक्टरांना आधी दाखवलं त्यांनी टॉन्सिल समजून अमॉक्सिसिलिन दिलं. चार दिवसांनी अंगभर लालभडक पुरळ. मोनो असताना अँपिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन घेतलं की पुष्कळदा असं पुरळ उठतं, आणि हे १९६० च्या दशकापासून माहीत आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी ते पुरळ पाहिलं, मान चाचपली, पोट चाचपलं, आणि रक्ताच्या दोन तपासण्या लिहून दिल्या. रिपोर्ट आला, एपस्टाइन-बार व्हायरस, आयजीएम पॉझिटिव्ह.

टीमच्या ग्रुपवर बातमी फुटायचा अवकाश, कुणीतरी गूगल करून 'किसिंग डिसीज' शोधलंच. मग काय विचारता! "नाव सांग, नाव सांग" यावर दोन दिवस ग्रुप चालला. आणि रत्नागिरीला पोचलो तर आजीनं दारातच विचारलं, "कुणाचं उष्टंबिष्टं खाल्लंस काय रे बाहेर?"

प्रश्न एकच, संस्कृती वेगळ्या :) आणि खरं उत्तर असं आहे की हा प्रश्न सोडवताच येत नाही. एकदा लागण झाली की हा विषाणू शरीरातून कधीच जात नाही. बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींत तो झोपून राहतो आणि अधूनमधून, काहीही त्रास न देता, लाळेत उतरतो. जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या अंगात तो आहे. म्हणजे कँटीनमधला चमचा, मित्राची पाण्याची बाटली, बहिणीच्या कपातला चहाचा घोट, काहीही असू शकतं. देणारा ठणठणीत असतो आणि आपण काही देतोय हे त्याला माहीतही नसतं. आरोपी शोधायचा म्हटला तर दहातले नऊ जण पिंजऱ्यात उभे करावे लागतील.

उष्टं म्हणजे नक्की काय?

आता त्या शास्त्राकडे येऊ. उष्टं खाऊ नये हा नियम आपल्याकडे स्वच्छतेचा म्हणून सांगितला जातो. "आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं" अशा अर्थाचे फॉरवर्ड कोरोनाच्या काळात तुम्हालाही आलेच असतील. पण नियम नीट बघितला तर त्यात जंतूंचा हिशोब जुळत नाही. त्यात हिशोब आहे तो कोणी कोणाचं खायचं याचा.

नवऱ्याच्या उष्ट्या ताटात बायकोनं जेवायचं, ही रीत कित्येक घरांत होती. उलट कधी ऐकलंय? देवाचा नैवेद्य प्रसाद होतो. शबरीची उष्टी बोरं चालतात, कारण तिथे भक्ती आहे. आणि गावकुसाबाहेर ढकललेल्या माणसांच्या वाट्याला मात्र गावाचं उष्टं-शिळं 'हक्क' म्हणून यायचं. लाळ तीच. ती कुणाची आणि कुणाच्या पानात, यावर सगळं ठरायचं.

हे नुसतं पुस्तकी नाही, याच जिल्ह्याचा इतिहास आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत चवदार तळ्याच्या बरोबरीनं त्यांनी आपल्या लोकांना आणखी एक गोष्ट निक्षून सांगितली. मेलेल्या जनावराचं मांस सोडा आणि उष्टे तुकडे खाणं सोडा. तिथे उष्टं नाकारण्यामागे जंतूंची भीती नव्हती, माणूस म्हणून मान होता. नंतर खुद्द रत्नागिरी शहरात, सावरकर तिथे स्थानबद्ध असताना, सहभोजनं सुरू झाली. सगळ्या जातींनी एका पंगतीत बसून जेवायचं. भागोजीशेठ कीर यांनी पतितपावन मंदिर बांधलं ते १९३१ साली. सनातनी मंडळींनी याला विरोध केला. एका पंगतीत बसल्यानं कुणाला ताप येईल असं त्यांचं म्हणणं नव्हतं, धर्म बुडेल असं म्हणणं होतं.

आणि या सगळ्या काळात आपला विषाणू काय करत होता? तो सोवळ्यातल्या घरात होता आणि गावकुसाबाहेरच्या घरातही होता. कारण एका ठिकाणी उष्ट्याचा नियम कुणीच पाळत नाही, ते म्हणजे तान्हं मूल. आई घास तोंडात घालून बघते, गरम आहे का, तिखट आहे का, आणि मग बाळाला भरवते. आजी भात मऊ करून देते. बाळाचा पहिला घास मामाच्या मांडीवर साजरा होतो आणि त्या सोहळ्याचं नावच मुळी उष्टावण! बऱ्याच पोरांना हा विषाणू असाच, प्रेमानं भरवलेल्या घासातून मिळत आला. आणि गंमत म्हणजे त्यांना काहीही झालं नाही. फार तर दोन दिवस सर्दी, कणकण. मोनो म्हणून कुणाला कळलंसुद्धा नाही.

मग कळतो कोणाला? ते शोधायला लंडन आणि फिलाडेल्फियाला जावं लागेल.

धुकं, विमान आणि एक तंत्रज्ञ

डेनिस बर्किट हे आयरिश सर्जन युगांडात, कंपालाच्या हॉस्पिटलात काम करत. तिथल्या लहान मुलांच्या जबड्यात एक विचित्र गाठ होते हे त्यांनी १९५८ मध्ये लिहिलं. २२ मार्च १९६१ रोजी लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात त्यांनी यावर व्याख्यान दिलं. श्रोत्यांत अँथनी एपस्टाइन होते. कोंबड्यांमध्ये कर्करोग करणाऱ्या विषाणूवर त्यांचं काम चालू होतं. या गाठीमागेही विषाणूच असणार, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

मग कंपालाहून विमानानं गाठींचे नमुने लंडनला यायला लागले. दोन वर्षं काहीच हाती लागलं नाही. डिसेंबर १९६३ मध्ये धुक्यामुळे एक विमान मँचेस्टरला वळवावं लागलं. नमुना उशिरा पोचला आणि बाटलीतलं पाणी गढूळ झालेलं. म्हणजे जंतू पडले, नमुना गेला. पण फेकण्याआधी एपस्टाइननी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. गढूळपणा जंतूंचा नव्हता. गाठीतल्या पेशी सुट्या होऊन पाण्यात तरंगत होत्या, आणि जिवंत होत्या! या पेशी प्रयोगशाळेत वाढवता आल्या. फेब्रुवारी १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत विषाणू दिसला. एपस्टाइन, त्रिनिदादचे बर्ट अचाँग आणि आयर्लंडच्या इव्होन बार, या तिघांचा शोधनिबंध त्याच मार्चमध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. विषाणूच्या नावात मात्र दोघेच राहिले. बिचारे अचाँग! एपस्टाइन पुढे १०२ वर्षं जगले, २०२४ च्या फेब्रुवारीत गेले.

विषाणू सापडला, पण त्याचा मोनोशी संबंध आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. फिलाडेल्फियात वर्नर आणि गरट्रूड हेन्ले हे जोडपं या विषाणूवर काम करत होतं. ज्यांच्या रक्तात या विषाणूविरुद्ध काहीही नाही अशी माणसं त्यांना तुलनेसाठी हवी असत. तशी एक तंत्रज्ञ त्यांच्या प्रयोगशाळेतच होती. १९६७ च्या उन्हाळ्यात ती आजारी पडली. परत आल्यावर तिचं रक्त तपासलं तर चाचणी चक्क पॉझिटिव्ह, आणि आधी कधीच न वाढणाऱ्या तिच्या पेशी प्रयोगशाळेत धडाधड वाढायला लागल्या. तिचा आजार होता मोनो. तिचं आजारापूर्वीचं आणि आजारानंतरचं, दोन्ही रक्त हाताशी होतं. आम्ही कोडच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून फरक बघतो, अगदी तसंच.

एका माणसावरून सिद्ध काहीच होत नाही. पण येल विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या रक्ताचे नमुने, काही तर कॉलेजात पाऊल ठेवतानाचे, गोठवून ठेवलेले होते. ते काढून तपासले आणि १९६८ मध्ये चित्र स्पष्ट झालं. ज्यांच्या रक्तात आधीच प्रतिपिंडं होती त्यांच्यापैकी कुणाला मोनो झाला नाही. ज्यांना झाला ते सगळे आधी कोरे होते.

म्हणजे प्रश्न चुंबनाचा नव्हताच. प्रश्न होता वयाचा. लहानपणी लागण झाली तर विषाणू गुपचूप येऊन बसतो. पंधरा ते पंचविशीच्या आगेमागे पहिल्यांदा आला तर शरीराची संरक्षण व्यवस्था त्याच्यावर अशी काही तुटून पडते की त्या लढाईलाच आपण आजार म्हणतो. त्या वेड्यावाकड्या पेशी बहुतांशी आपल्याच सैन्यातल्या, विषाणूनं ताबा घेतलेल्या बी-पेशींना मारायला निघालेल्या. जिथे घरं लहान, माणसं जास्त आणि ताटं एकत्र, तिथे लागण पहिल्या काही वर्षांत उरकते. जिथे एकच मूल, वेगळी खोली, उकळलेली बाटली आणि प्रत्येकाचा वेगळा चमचा, तिथे ती पुढे ढकलली जाते.

मी पुण्यातल्या फ्लॅटमध्ये वाढलो, एकुलता एक. माझा आतेभाऊ रत्नागिरीत सात पोरांच्या गोतावळ्यात वाढला, एका ताटात चौघं. त्याला मोनो हा शब्द माहीत नाही. सॅम्पल साइज दोन, त्यामुळे यावर शोधनिबंध लिहू नका :) पण आपल्यासारख्या, शहरात वाढून आयटी पार्कात पोचलेल्या पिढीला हा आजार आता जास्त भेटणार, असं मानायला जागा आहे.

गाव नावाचा विमा

आता दुसरा निवाडा, आळसाचा.

मोनोवर औषध नाही. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाहीत, विषाणूविरोधी गोळ्यांचाही नेहमीच्या रुग्णाला फायदा दिसलेला नाही. तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि विश्रांती. बहुतेकांचा ताप आणि घसा दोन ते चार आठवड्यांत निवळतो. थकवा मात्र मागे राहतो. आणि तो दिसत नाही, हीच पंचाईत. कसा असतो? आंघोळ करून आल्यावर पुन्हा झोपावं लागतं. जिन्याच्या सहा पायऱ्या चढून मध्ये उभं राहावं लागतं. ईमेलची चार वाक्यं वाचून पाचव्याला पहिलं विसरायला होतं.

मला वर्षाला बारा दिवसांची आजारपणाची रजा होती. ती संपली तेव्हा मला स्वतःच्या पायानं मांडवीपर्यंतसुद्धा जाता येत नव्हतं. मॅनेजरचा फोन आला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "ताप नाही ना आता? मग घरून लॉगिन करायला काय हरकत आहे?" ताप नाही म्हणजे आजार नाही, हे त्याचं गणित. आत्या बोलली नाही, पण दुपारी तिसऱ्यांदा झोपलेल्या माझ्याकडे ती ज्या नजरेनं बघायची त्यातही तेच गणित होतं.

तेव्हा माझ्या मनात चाकरमानी यायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांना सगळ्यात जास्त कामगार पुरवणारा जिल्हा म्हणजे रत्नागिरी. (तेव्हा सिंधुदुर्ग त्यातच होता, वेगळा झाला तो १९८१ साली.) गिरणीत आजारपणाची भरपगारी रजा वगैरे काही प्रकार नव्हता. कामगार राज्य विमा कायदा आला तो स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये. त्याआधी खोकला लागला, हाडं दुखायला लागली की बोट धरायची आणि गाव गाठायचं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा तर माणसांचे लोंढे कोकणात परतले. वर्षभर मनीऑर्डरी पाठवून ज्या घराला जगवलं, ते घर आजारपणात पेज घालायचं. अंगात बळ आलं की पुन्हा मुंबई. माणूस कधी बरा झाला हे ठरवायला गावाकडे कॅलेंडर नव्हतं. तो कामाला उभा राहिला की बरा झाला.

मीही त्याच विम्यावर जगलो. पहिले दहा दिवस उकड्या तांदळाची पेज, तीही कोमट, कारण गरम घशाखाली उतरत नव्हती. मग मऊ भात आणि मेतकूट. मग एके दिवशी कुळथाचं पिठलं मागितलं, तेव्हा आजी आत्याला म्हणाली, "आला हो पोर माणसांत."

या थकव्याबद्दल विज्ञान काय म्हणतं? ऑस्ट्रेलियातल्या डबो या गावी एक अभ्यास झाला. मोनो आणि आणखी दोन संसर्ग झालेल्या २५३ लोकांचा आजाराच्या सुरुवातीपासून माग काढला. निष्कर्ष २००६ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आले. सहा महिन्यांनी १२ टक्के लोकांचा थकवा कायम होता, काम करू न देण्याइतका. तो कोणाचा लांबेल हे कशावरून सांगता येत होतं? सुरुवातीचा आजार किती जोराचा होता त्यावरून. वय, शिक्षण, आधीचा स्वभाव, मनाची कमजोरी यांवरून नाही. आणि तिन्ही संसर्गांत प्रमाण साधारण सारखंच. हा निष्कर्ष मी मोबाइलवर दोनदा वाचला, मग आत्याला मराठीत वाचून दाखवला. ती म्हणाली, "हे आधी सांगायचंस ना." त्या दिवसापासून दुपारी ती माझ्या खोलीचं दार हलकेच ओढून घ्यायला लागली.

पण उलट टोकही बरोबर नाही. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास छापला गेला. काहींना सक्तीनं अंथरुणात ठेवलं, काहींना झेपेल तेवढं हिंडू-फिरू दिलं. दुसरे लवकर बरे झाले. म्हणजे पडूनच राहा हेही खरं नाही आणि ढकलत राहा हेही नाही. झेपेल तेवढं करा, आणि झेपत नाही असं शरीर म्हणालं की थांबा. मी अंगणापासून सुरुवात केली. मग आळीच्या टोकापर्यंत. साडेपाच आठवड्यांनी मांडवीच्या बंदरावर जाऊन बसलो आणि चालत परत आलो.

एका बाबतीत मात्र सूट नाही, ती म्हणजे पाणथरी. मोनोत ती सुजते आणि क्वचित फुटते. शेकड्यात एकालाही होत नाही, पण झालं तर जिवावर बेततं. म्हणून निदान तीन-चार आठवडे क्रिकेट, कबड्डी, जिम, वजन उचलणं बंद, आणि पुन्हा सुरू करायचं ते डॉक्टरांना विचारून. डाव्या बरगडीखाली अचानक जोरात दुखलं किंवा श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला तर थेट हॉस्पिटल. कोकणात आणखी एक गोष्ट. पावसाळ्यात ताप आला की मलेरिया, डेंग्यू, लेप्टो हे आधी तपासायलाच हवेत, कारण तिथे उशीर परवडत नाही. मोनोचा नंबर त्यानंतर.

कायमचा भाडेकरू

बरं झालो म्हणजे विषाणू गेला का? नाही. तो आता माझ्या अंगात आहे, आणि नव्वद टक्के शक्यता आहे की तुमच्याही. बहुतेकांना तो आयुष्यभर काही करत नाही. पण तो अगदी निरुपद्रवी आहे असंही म्हणता येत नाही. काही कर्करोगांशी त्याचं नातं बर्किटच्या काळापासून माहीत आहे. २०२२ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी 'सायन्स'मध्ये आणखी एक मोठी गोष्ट मांडली. अमेरिकन सैन्यातल्या एक कोटीहून जास्त लोकांच्या नोंदी आणि साठवलेले रक्ताचे नमुने त्यांनी वीस वर्षांच्या काळासाठी तपासले. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचा धोका या विषाणूच्या लागणीनंतर ३२ पटींनी वाढलेला दिसला. घाबरून जाऊ नका. विषाणू जवळपास सगळ्यांत असतो, तो आजार फार थोड्यांना होतो. म्हणजे दुसरीही कारणं लागतातच. पण 'दोन आठवड्यांचा कॉलेजातला ताप' म्हणून ज्याच्याकडे बघितलं गेलं, त्याच्यावर लस शोधायला आता गंभीरपणे पैसा लागतोय. चाचण्या चालू आहेत, बाजारात अजून काही नाही.

या निमित्तानं तरुण मॅनेजर मंडळींना एकच सांगणं आहे, आणि तुमच्यापैकी बरेच जण दोन-चार वर्षांत मॅनेजर होणारच आहात. कोरोनानंतर महिनोन्‌महिने थकलेली माणसं आपण सगळ्यांनी बघितली. त्यांनाही 'रिपोर्ट तर नॉर्मल आहेत ना?' हेच ऐकावं लागलं. स्प्रंट आणि इव्हान्सच्या आधी मोनोचाही रिपोर्ट नव्हता. तेव्हाही माणसं खरोखरच आजारी होती. तपासणी नसणं ही तपासणीची मर्यादा आहे, तो माणसाविरुद्धचा पुरावा नव्हे. टीममधला कुणी महिनाभरानं परत आला आणि दुपारी तीन वाजता पांढराफटक पडून स्क्रीनकडे बघत बसला, तर त्याला 'नाव सांग' म्हणू नका आणि 'आता बरा आहेस ना?' असंही विचारू नका. किती झेपतंय ते विचारा, आणि तो जे सांगेल ते खरं धरून प्लॅन करा.

असो. बराच लांबला लेख. पेज बनवायची कृती कुणाला हवी असेल तर वेगळी लिहीन, आजीनं मोजमाप दिलेलं नाही पण अंदाज आलाय.